रिझर्व्ह बँकेचा २.६९ लाख कोटींचा लाभांश: नफावाटप की नोटछपाई?

जमाखर्च (धागाकर्ते)

दर मे महिन्यात रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाची बैठक होते, सरकारला किती अधिशेष (तरतुदींनंतर उरलेला नफा, म्हणजेच हा 'लाभांश') द्यायचा ते ठरतं, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन गटांत जुंपते. एक गट म्हणतो, सरकारने बँकेच्या तिजोरीत हात घातला. दुसरा म्हणतो, मालकाने आपल्याच बँकेचा नफा घेतला, त्यात एवढं काय? भांडण सगळं रकमेच्या आकारावर. तो नफा कशातून आला, हे फारसं कुणी विचारत नाही. चलनविषयक धोरण (बँकेचं, पैसा आणि व्याजदरांचं) कुठे संपतं आणि वित्तीय धोरण (सरकारचं, जमाखर्चाचं) कुठे सुरू होतं हे माझ्या मते त्यावरच ठरतं, म्हणून हा धागा.

आधी आकडे, कोटी रुपयांत. वर्ष रिझर्व्ह बँकेचं धरलं आहे.

२०१७-१८ : ५०,०००
२०१८-१९ : १,७६,०५१
२०१९-२० : ५७,१२८
२०२०-२१ : ९९,१२२ (जुलै ते मार्च, नऊच महिने)
२०२१-२२ : ३०,३०७
२०२२-२३ : ८७,४१६
२०२३-२४ : २,१०,८७४
२०२४-२५ : २,६८,५९०

कायदेशीर आधार १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ४७. बुडीत येणी, घसारा, कर्मचाऱ्यांचे निधी वगैरेंची तरतूद करून जे उरेल ते केंद्र सरकारला. बँकेचं भांडवल अवघं ५ कोटी आहे, त्यामुळे 'भांडवलावर इतके टक्के लाभांश' असला हिशेब इथे करण्यात अर्थ नाही. तरतुदी किती करायच्या ते २०१९ पासून बिमल जालान समितीच्या चौकटीने ठरतं. त्या चौकटीत मे २०२५ मध्ये बदल झाला, त्याबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा.

२०२४-२५ चा अधिशेष सरकारच्या २०२५-२६ च्या जमेत येतो. वर्षांची ही गल्लत वर्तमानपत्रांतही होते, तेवढं सांभाळून लिहावं ही विनंती.

चांदवडी_रुपया

साधी गोष्ट आहे. रिझर्व्ह बँक रुपये 'कमवत' नाही, ती रुपये तयार करते. मग तिने सरकारच्या खात्यात २.६९ लाख कोटी टाकले याला नोटछपाई नाही तर काय म्हणायचं? १९९७ साली ॲड-हॉक बिलं बंद केली, तीच मागच्या दाराने परत आली.

तळटीप

चांदवडीराव, ॲड-हॉकचं नाव काढलंत म्हणून आधी तेवढं नीट मांडतो.

१९५५ पासून व्यवस्था अशी होती की केंद्र सरकारची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक ५० कोटींच्या खाली गेली की आपोआप ९१ दिवसांची तदर्थ ट्रेझरी बिलं निघायची, रिझर्व्ह बँक ती घ्यायची आणि खातं पुन्हा भरायचं. कुणाची परवानगी नको, लिलाव नको. पुढे त्यांचा दर ४.६ टक्क्यांवर गोठला. बाजारातले दर दुहेरी आकड्यांत गेले तरी सरकारला ४.६ च. तात्पुरती म्हणून काढलेली ही बिलं मुदत संपली की नव्याने निघायची, आणि अधूनमधून त्यांचा गठ्ठा बिनमुदतीच्या विशेष रोख्यांत बदलला जायचा. सप्टेंबर १९९४ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँकेत करार झाला, तेव्हा गव्हर्नर सी. रंगराजन आणि अर्थमंत्री मनमोहन सिंग होते. तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने ही बिलं बंद झाली. १ एप्रिल १९९७ पासून त्यांच्या जागी 'वेज अँड मीन्स' उचल, म्हणजे तात्पुरतं कर्ज, आली. तिचे आताचे नियम: ठरलेली मर्यादा, रेपो दराने (रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचं कर्ज देते तो दर) व्याज, मर्यादेपलीकडे ओव्हरड्राफ्ट गेला तर रेपोवर आणखी २ टक्के, आणि तोही सलग दहा कामाच्या दिवसांपेक्षा जास्त नाही. पुढे एफआरबीएम (सरकारी तुटीला शिस्त लावणाऱ्या) कायद्याने १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारी रोख्यांच्या प्राथमिक लिलावात भाग घ्यायला मनाई केली.

आता फरक बघा. ॲड-हॉकमध्ये रकमेचा निर्णय सरकारच्या खर्चाने व्हायचा. लाभांशात सरकारला किती हवे यावरून रक्कम ठरत नाही, निदान कागदोपत्री तरी. 'मागचं दार' हा शब्द मी एवढ्यात वापरणार नाही.

शिल्लक_शून्य

नोटछपाई म्हणणाऱ्यांनी एकदा ताळेबंदाच्या नोंदी कागदावर मांडून बघाव्यात. एका डॉलरचं उदाहरण घेऊ.

रिझर्व्ह बँकेने डॉलर ७० ला घेतला. बँकांच्या (रिझर्व्ह बँकेतल्या) राखीव खात्यात ७० रुपये आले. म्हणजे पैसा तेव्हा तयार झाला.

डॉलर ८५ वर गेला. पुस्तकात मालमत्ता ८५ झाली, आणि समोर चलन व सुवर्ण पुनर्मूल्यांकन खात्यात १५ जमा झाले. हा कागदावरचा नफा, याला कुणी हात लावत नाही.

रुपया घसरू लागला म्हणून रिझर्व्ह बँकेने तो डॉलर ८५ ला विकला. बँकांच्या खात्यातून ८५ रुपये गेले. पुनर्मूल्यांकन खात्यातले १५ आता नफा-तोटा खात्यात आले.

हे १५ सरकारला दिले. सरकारने खर्च केले. बँकांच्या खात्यात १५ परत आले.

बेरीज करा: +७०, −८५, +१५. उत्तर शून्य. विक्रीच्या वेळी जादा शोषलेला पैसा तेवढाच परत आला. यात छपाई कुठे आहे?

आणखी एक. सरकारच्या खात्यात रक्कम टाकल्या दिवशी बाजारात काहीच होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या एका देण्याचं दुसऱ्या देण्यात रूपांतर होतं, इतकंच. तरलता, म्हणजे बँकांकडचा वापरता येणारा पैसा, वाढते ती सरकार पगार, अनुदानं, कंत्राटदारांची बिलं भागवतं तेव्हा. मेअखेरीस घोषणा आणि जून उजाडताच 'बाजारात अडीच लाख कोटी आले' अशा बातम्या येतात, त्या म्हणूनच चुकीच्या असतात.

जमाखर्च

नोंदी बरोबर. पण शिल्लक_शून्य, तुमचं उदाहरण 'एकदा घेतला, एकदा विकला' असं आहे. रिझर्व्ह बँक असं वागत नाही. तोच डॉलर ८५ ला विकला आणि पुढच्या आठवड्यात ८५ लाच परत घेतला, तर?

विक्री: बँकांचे ८५ गेले. खरेदी: ८५ परत आले. गंगाजळीत डॉलर होता तितकाच, बँकांकडे रुपये होते तितकेच. बाहेरून बघणाऱ्याला काहीच झालं नाही. पुस्तकात मात्र १५ रुपये पुनर्मूल्यांकन खात्यातून उठून नफा-तोटा खात्यात गेले, कारण नफा मोजताना मूळ खरेदीची भारित सरासरी किंमत धरतात. ते १५ सरकारला दिले आणि सरकारने खर्चले की बँकांकडे १५ जास्त. याच्या समोर बाजारातून काहीही शोषलेलं नाही. हा नवा पैसा आहे.

म्हणून निव्वळ विक्री (विक्री वजा खरेदी) आणि ढोबळ विक्री (एकूण विक्री) वेगवेगळी बघावी लागते. आता खरे आकडे.

२०२४-२५ मध्ये रिझर्व्ह बँकेची डॉलरची ढोबळ विक्री सुमारे ३९९ अब्ज, निव्वळ विक्री साधारण साडेचौतीस अब्ज. परकीय चलन व्यवहारांवरचा नफा सुमारे १.११ लाख कोटी रुपये.

हा सगळा नफा निव्वळ विक्रीतूनच आला असं धरलं, तर डॉलरमागे सुमारे ३२ रुपये नफा पडतो. विक्रीचा सरासरी भाव साडेचौऱ्याऐंशीच्या आसपास धरा, म्हणजे मूळ किंमत ५२-५३. रुपया त्या भावाला होता २०११-१२ मध्ये, आणि तेव्हा गंगाजळी आजच्या निम्म्याहून कमी होती. बाकीचे सगळे डॉलर त्यानंतर, ६० ते ८५ च्या दरम्यान घेतलेले. सरासरी ५२ येणं शक्यच नाही. ढोबळ विक्रीने भागलं तर डॉलरमागे २.८ रुपये येतात, ते पटण्यासारखं आहे.

याहून साफ पुरावा आदल्या वर्षाचा. २०२३-२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निव्वळ ४१ अब्ज डॉलर घेतले. विकले नाहीत, घेतले. तरी चलन व्यवहारांवरचा नफा ८३,६१६ कोटी. वर्षभरात बाजारातून डॉलरपोटी निव्वळ एक रुपयाही शोषला नाही, उलट ओतले, आणि वर त्या ८३ हजार कोटींचा अधिशेषात वाटा.

चांदवडी_रुपया

म्हणजे मी म्हणत होतो तेच, फक्त लांबच्या रस्त्याने!

जमाखर्च

पूर्ण तेच नाही. एका हिश्शापुरतं तुमचं बरोबर. बाकीचे हिस्से वेगळे वागतात.

गोदातीर

ते हिस्से मी लिहिते. रिझर्व्ह बँकेचं उत्पन्न चार प्रकारचं, आणि प्रत्येकाचा पैशाच्या साठ्यावर परिणाम निराळा.

पहिला: देशी सरकारी रोख्यांवरचं व्याज. रिझर्व्ह बँकेकडे १ लाख कोटींचे ७ टक्क्यांचे रोखे असले, तर सरकार तिला वर्षाला ७,००० कोटी व्याज देतं आणि तेच लाभांश म्हणून परत घेतं. या खिशातून त्या खिशात. पैशाच्या साठ्यावर परिणाम शून्य. अर्थसंकल्पात मात्र हे व्याज खर्चात दिसतं आणि लाभांश महसुलात, म्हणून 'महसुलातला इतका हिस्सा व्याजावर जातो' हे प्रमाण आहे त्याहून थोडं वाईट दिसतं.

दुसरा: परकीय रोख्यांवरचं व्याज. हे डॉलर, युरोत मिळतं. रुपयाच्या बाजारातून काहीही शोषलं जात नाही. त्याच्या बदल्यात सरकारला रुपये दिले की राखीव पैसा वाढतो. पण गंगाजळीही तेवढीच वाढलेली असते. रिझर्व्ह बँकेने बाजारात जाऊन डॉलर विकत घेतले असते तर जे झालं असतं तेच. याला छपाई म्हणायचं असेल तर प्रत्येक डॉलर खरेदीला म्हणा. अमेरिकेतले व्याजदर २०२२ पासून चढले आणि हा हिस्सा चांगलाच फुगला, हे अधिशेषाचं मोठं कारण आहे आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

तिसरा: बँकांना रेपोने दिलेल्या कर्जावरचं व्याज, वजा बँकांच्या जमा पैशावर दिलेलं व्याज. हे बँकांकडून येतं किंवा बँकांना जातं. येतं तेव्हा आधी शोषून मग परत सोडलं, परिणाम शून्य.

चौथा: चलन व्यवहारांचा नफा. त्याची चिरफाड वर झालीच आहे. निव्वळ विक्रीचा भाग शून्य, उलाढालीचा भाग निव्वळ नवा पैसा.

तेव्हा 'लाभांश म्हणजे छपाई' आणि 'लाभांश म्हणजे नफा' ही दोन्ही विधानं अर्धवट. मला खटकतो तो फक्त चौथ्यातला दुसरा भाग.

शिल्लक_शून्य

जमाखर्च, उलाढालीचा मुद्दा मान्य. पण त्याचा सूर असा लागतोय की रिझर्व्ह बँक नफ्यासाठी डॉलर फिरवते. तसा पुरावा नाही. रुपया वर जायला लागला की ती घेते, खाली गेला की विकते, हे तिचं कामच. नफा हा त्याचा उपपरिणाम.

शिवाय ही विहीर आपोआप आटते. ७० चा डॉलर विकून ८५ ला घेतला की नवी मूळ किंमत ८५. पुढच्या वेळी त्यावर नफा नाही. जितकी उलाढाल जास्त तितकी सरासरी बाजारभावाजवळ सरकते. तुमचाच हिशेब बघा: २०२३-२४ मध्ये सुमारे १५३ अब्ज ढोबळ विक्रीवर डॉलरमागे साडेपाच रुपये, २०२४-२५ मध्ये २.८. एका वर्षात निम्मा. रुपया पुन्हा घसरला तरच विहीर भरणार.

जमाखर्च

हेतूबद्दल मी काही म्हटलेलं नाही, आणि विहिरीचा मुद्दा पूर्ण मान्य. पण त्यातून जे निघतं ते सरकारला न आवडणारं आहे: २०२३-२४ आणि २०२४-२५ चे आकडे दरवर्षीची मिळकत म्हणून अर्थसंकल्पात धरता येणार नाहीत. खर्च एकदा वाढवला की तो खाली येत नाही.

सीमांत

अधिशेष ठरवण्याची पद्धत कुणी लिहिली नाही, ती लिहितो. यातला मधला टप्पा फार लोकांच्या नजरेतून सुटतो.

जालान समितीने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कागदावरचे पुनर्मूल्यांकन नफे एका बाजूला, ते वाटायचे नाहीत. दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष नफ्यातून बाजूला काढलेला आकस्मिक जोखीम निधी, ज्याला सगळे सीआरबी म्हणतात. तो ताळेबंदाच्या ५.५ ते ६.५ टक्के असावा असं ठरलं. २०१८-१९ मध्ये मंडळाने खालची कड म्हणजे ५.५ निवडली. निधी त्याहून जास्त होता, म्हणून ५२,६३७ कोटी मोकळे झाले. त्या वर्षाचे १,७६,०५१ कोटी म्हणजे १,२३,४१४ कोटी नफा अधिक हे ५२,६३७ कोटी.

मे २०२५ मध्ये ही पट्टी ६ टक्के, अधिक-उणे १.५ अशी रुंद केली. म्हणजे ४.५ ते ७.५. त्या वर्षी मंडळाने वरची कड, ७.५, निवडली.

दर बदलला की काय होतं ते २०२२-२३ मध्ये दिसलं. ५.५ वरून ६ वर जायला १,३०,८७६ कोटींची तरतूद करावी लागली आणि सरकारला ८७,४१६ कोटीच मिळाले. अर्धा टक्का म्हणजे किरकोळ वाटतं, पण ६३ लाख कोटींच्या ताळेबंदावर तो ३० हजार कोटींच्या वर जातो.

उरलेले एक लाख कोटी कुठे गेले? इथेच तो सुटणारा टप्पा. रिझर्व्ह बँकेकडच्या परकीय रोख्यांची किंमत व्याजदर वाढले की पडते. तो तोटा ३१ मार्चला आकस्मिकता निधीतून (सीआरबीचा मुख्य भाग) वळता करतात आणि १ एप्रिलला नोंद उलटवतात. वर्षाच्या शेवटच्या दिवशी निधी खोल गेलेला दिसतो आणि टक्केवारी गाठायला नफ्यातून जास्त भर घालावी लागते. पुढे हाच तोटा कमी झाला की उलट घडतं. २०२४-२५ चा हिशेब बघा:

मार्च २०२४ : ७०.४८ लाख कोटींचे ६.५ टक्के = ४.५८ लाख कोटी
मार्च २०२५ : ७६.२५ लाख कोटींचे ७.५ टक्के = ५.७२ लाख कोटी

वाढ १.१४ लाख कोटींची. नफ्यातून तरतूद केली फक्त ४४,८६२ कोटी. बाकीची जवळजवळ ६९ हजार कोटींची भर मुख्यतः परकीय रोख्यांवरचा कागदी तोटा आकसल्यामुळे पडली. २.६९ लाख कोटी देऊनही दर एक टक्क्याने वाढवता आला याचं निम्म्याहून जास्त श्रेय रोख्यांच्या किमतींना आहे.

उधारउसनवार

प्रश्न आहे, चूक असेल तर सांगा. निधी पुरेसा असावा यावर एवढा जोर का? मध्यवर्ती बँक दिवाळखोर कशी होईल? चेक प्रजासत्ताक, चिली, इस्रायल यांच्या मध्यवर्ती बँका वर्षानुवर्षं उणे भांडवलावर चालल्या. अमेरिकेच्या फेडला २०२३ मध्ये ११४ अब्ज डॉलरचा तोटा झाला. काय बिघडलं?

गोदातीर

फेडचं उत्तर आधी. तोटा झाला तेव्हा फेडने तो 'लांबणीवर टाकलेली मालमत्ता' म्हणून दाखवला. सप्टेंबर २०२२ पासून ट्रेझरीला पैसे देणं जवळजवळ थांबलं, आणि आधी तो खड्डा भरेल मगच पुन्हा सुरू होईल. बँक चालू राहिली, बोजा आला तो सरकारच्या तिजोरीवर.

तुमच्या यादीतल्या देशांत बाजाराला खात्री होती की बँक महागाईविरुद्ध लागेल तेवढा दर ठेवेल. खात्री नसली तर उणे भांडवल फार लवकर नडतं. अर्जेंटिनाने पेसो घसरल्यावर डॉलर साठ्याचा कागदी नफा 'नफा' म्हणून सरकारला दिला. चलन जितकं पडेल तितका नफा जास्त, तितका पैसा जास्त, मग चलन आणखी पडतं. जालान समितीने कागदी नफा वाटायचा नाही ही रेघ ओढली ती यासाठीच.

निधीचा आपल्याकडचा खरा उपयोग मात्र याहून साधा आहे. पैसा शोषायला खर्च येतो. २०१६-१७ घ्या: नोटाबंदीनंतर बँकांकडे ठेवींचा पूर आला, तो शोषायला व्याज द्यावं लागलं, शिवाय नोटाछपाईचा खर्च आदल्या वर्षीच्या ३,४२१ कोटींवरून ७,९६५ कोटींवर गेला. सरकारला देणं ६५,८७६ वरून ३०,६५९ कोटींवर आलं. हातात निधी नसेल तर 'शोषलं तर तोटा दिसेल' या भीतीने बँक शोषायचं टाळते, आणि चलनविषयक धोरण तिथे बोथट होतं.

पै_पैसा

वित्तीय बाजू कुणी घेत नाहीये. लाभांश करेतर महसुलात धरतात, म्हणून तूट थेट कमी दिसते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जीडीपी ३५६.९८ लाख कोटी धरला होता आणि तूट ४.४ टक्के. रिझर्व्ह बँकेचे २.६९ लाख कोटी म्हणजे ०.७५ टक्के. ते काढले तर तूट ५.१ च्या पुढे. सगळे काढणं अन्यायाचं होईल, नियमित व्याजाचा नफा हे खरंच उत्पन्न आहे. पण साठवलेल्या निधीतून मोकळी केलेली रक्कम आणि जुन्या मालमत्तेच्या विक्रीतला नफा यांना युरोपातल्या सरकारी हिशेबपद्धतीत महसूल मानत नाहीत. तिथे ते भांडवल काढून घेणं समजतात आणि तुटीच्या रेघेखाली, तूट भागवण्याच्या बाजूला दाखवतात. त्या मापाने २०१९ चे ५२,६३७ कोटी सरळ रेघेखाली गेले असते.

२०२४ मध्ये सरकारने बऱ्यापैकी शिस्त दाखवली, हेही सांगायला हवं. फेब्रुवारीच्या अंतरिम अर्थसंकल्पात रिझर्व्ह बँक आणि सरकारी बँका मिळून १.०२ लाख कोटी धरले होते, एकट्या रिझर्व्ह बँकेने २.११ दिले. जुलैत तुटीचं लक्ष्य ५.१ वरून ४.९ वर आलं. ढोबळ बाजार कर्ज मात्र १४.१३ वरून १४.०१ लाख कोटी, म्हणजे फक्त १२ हजार कोटींनी कमी. कपात जास्त करून अल्पमुदतीच्या ट्रेझरी बिलांत झाली. दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा यामुळे कोसळेल असं वाटणाऱ्यांची निराशा झाली ती म्हणून.

कृष्णाकाठ

यातून महाराष्ट्राला काय मिळतं?

पै_पैसा

थेट काही नाही. राज्यांना वाटा मिळतो तो विभाज्य (केंद्र आणि राज्यांत वाटल्या जाणाऱ्या) करांतून. लाभांश कर नाही, म्हणून त्यात येत नाही. हीच रक्कम विभाज्य कर म्हणून आली असती तर पंधराव्या वित्त आयोगाच्या ४१ टक्क्यांनी राज्यांना सुमारे १.१० लाख कोटी आणि त्यातले ६.३१७ टक्के म्हणजे जवळपास ६,९५० कोटी महाराष्ट्राला मिळाले असते. उपकर आणि अधिभारांबद्दल राज्यं ओरडतात, या रकमेबद्दल गप्प असतात, याचं मला नवल वाटतं.

चांदवडी_रुपया

बरं, ४०-६० टक्के मान्य करून पुढे जातो. 'सरकार खर्च करेल तेव्हा तरलता वाढेल' हे बघायचं कुठे? मी रिझर्व्ह बँकेची साप्ताहिक सांख्यिकी पुरवणी उघडली. रिझर्व्ह बँकेच्या देण्यांमध्ये 'केंद्र सरकारच्या ठेवी' समोर १०० कोटींच्या आसपास आकडा. २.६९ लाख कोटी कुठे गेले?

तळटीप

या जागी सगळेच अडखळतात. सरकारने शुक्रवारी किमान १०० कोटी आणि इतर दिवशी १० कोटी शिल्लक ठेवायची असते. पुरवणी शुक्रवारची. १०० कोटींच्या वरची रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्याच सरकारी रोख्यांत कागदोपत्री गुंतवली जाते, त्यामुळे ती ठेवींत दिसतच नाही. दिसते ती उलट बाजूने: 'सरकारला रिझर्व्ह बँकेचं निव्वळ कर्ज' तेवढ्याने घटतं. मे-जूनमध्ये ही ओळ आठवड्याआठवड्याला बघा. घटली म्हणजे सरकारकडे पैसा साचला, वाढली म्हणजे खर्च होतोय.

रोजचं बघायचं तर 'मनी मार्केट ऑपरेशन्स' हे प्रसिद्धिपत्रक. खालच्या भागात निव्वळ तरलतेचा आकडा असतो. चिन्ह नीट वाचा: अधिक म्हणजे रिझर्व्ह बँकेने ओतलेली, अर्थात बँकांकडे तुटवडा. उणे म्हणजे शोषलेली, बँकांकडे सुकाळ. उलटं वाचून भलतेच निष्कर्ष काढणारे लेख ढिगाने सापडतील.

दोन प्रकारच्या तारखांभोवतीचे आकडे सोडून द्या. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. जीएसटी दर महिन्याच्या २० च्या आसपास. त्या दिवसांत पैसा बँकांकडून सरकारकडे जातो आणि लाभांशाचा परिणाम त्यात झाकला जातो. महिनाअखेरीचे आकडे जास्त खरं बोलतात.

सीमांत

यात एक जोडतो. सरकारने खर्च केला आणि तरलता वाढली, तर रातोरातच्या कर्जाचा दर रेपोच्या खाली सरकतो, एसडीएफच्या (बँका जादा पैसा रिझर्व्ह बँकेत ठेवतात ती सोय) दरापर्यंत, जो रेपोपेक्षा पाव टक्का कमी असतो. २०२५ मध्ये हेच घडलं, पण एकट्या लाभांशाने नाही. जानेवारीपासून खुल्या बाजारातून रोखे खरेदी सुरू होती, मे महिन्यात तर सव्वा लाख कोटींची. त्यावर लाभांश, आणि ६ जूनला सीआरआर (बँकांनी ठेवींतला सक्तीने रिझर्व्ह बँकेत ठेवायचा हिस्सा) चार हप्त्यांत ४ वरून ३ टक्के करायची घोषणा, म्हणजे आणखी अडीच लाख कोटी. जूनअखेरीस रिझर्व्ह बँकेला सात दिवसांचे बदलत्या दराचे उलट रेपो लिलाव घेऊन पैसा शोषावा लागला. एका हाताने ओतायचा आणि दुसऱ्याने व्याज देऊन शोषायचा. ते व्याज पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वजा.

शिल्लक_शून्य यांच्या '+७०, −८५, +१५' ला माझा आक्षेप इथे आहे. डॉलर विक्रीने शोषलेले ८५ रिझर्व्ह बँक तसेच राहू देत नाही. तुटवडा झाला की ती रोखे घेऊन बराचसा पैसा आधीच परत सोडते. मग मे मध्ये लाभांशाचे १५ येतात ते भरपाई झाल्यावर वरून येतात.

शिल्लक_शून्य

आक्षेप बरोबर, पण मग दोष रोखे खरेदीच्या वेळेला द्या, लाभांशाला का? लाभांश मे मध्ये येणार हे जानेवारीत ठाऊक असतं. कायमची तरलता रोख्यांतून देण्याऐवजी ५६ दिवसांच्या रेपोसारख्या तात्पुरत्या साधनांतून दिली असती तर ती जूनपर्यंत आपोआप परत आली असती.

सीमांत

रक्कम ठाऊक नसते ना. २०२४ च्या सुरुवातीला १ लाख कोटी धरणारे बहुतेक सगळे होते, निघाले २.११.

उधारउसनवार

मग अंदाज बांधायचा तर काय बघायचं? वार्षिक अहवाल येईपर्यंत थांबायचं?

जमाखर्च

बराचसा आधी बांधता येतो. रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनमध्ये डॉलर खरेदी-विक्रीचा तक्ता असतो, साधारण दोन महिने उशिराने. ढोबळ विक्रीचा स्तंभ घ्या, निव्वळचा नको. त्याला डॉलरमागच्या नफ्याने गुणा. तो नफा आदल्या वर्षीच्या अहवालातून काढा आणि वर्षभरातली रुपयाची घसरण, उलाढालीमुळे वर सरकलेली सरासरी किंमत यांप्रमाणे हलवा. परकीय रोख्यांचं व्याज गंगाजळी आणि अमेरिकी दरांवरून येतं. देशी रोख्यांचं व्याज साप्ताहिक आकड्यांवरून. तरलतेच्या व्यवहारांवरचं निव्वळ व्याज खर्चाच्या बाजूला शोधू नका, वार्षिक अहवालात ते देशी उत्पन्नातच वजा होऊन येतं, सुकाळाच्या वर्षात ती ओळ उणे असते.

सगळ्यात मोठी चूक होते ती सीआरबीच्या दरात. पट्टी आता ४.५ ते ७.५ इतकी रुंद आहे. ७६ लाख कोटींच्या ताळेबंदावर अर्धा टक्का इकडेतिकडे झाला की ३८ हजार कोटींचा फरक, आणि तो निर्णय मंडळाच्या बैठकीत होतो, कुठल्याही तक्त्यात नाही. मार्चचा डॉलर तक्ता मे च्या बुलेटिनमध्ये येतो, म्हणजे जवळपास घोषणेबरोबरच. तेव्हा फेब्रुवारीपर्यंतच्या अकरा महिन्यांवरच भागवावं लागतं.

कृष्णाकाठ

२.८ आणि साडेपाचचा हिशेब २०२२-२३ साठी कुणी करून ठेवलाय का? ढोबळ विक्री सुमारे २१३ अब्ज आणि नफा १.०३ लाख कोटी असं दिसतंय.

जमाखर्च

डॉलरमागे ४.८ रुपये. त्या वर्षी रुपया ७६ वरून ८२ वर गेला होता, म्हणून नवी खरेदी कमी आणि विक्री जास्त. निव्वळ विक्रीचा हिस्सा त्या वर्षी मोठा होता, त्यामुळे चौथ्या प्रकारातला 'नवा पैसा' हा भाग तिथे २०२३-२४ पेक्षा कमी धरावा लागेल.